समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल आणि शुगर: बाबांनी गोळ्या बंद केल्यात, काय करू?

कडकभाकरी
नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल पण पूर्ण वाचून मग सांगा. माझे बाबा ६७ वर्षांचे, चादरीच्या कारखान्यात हिशेब बघायचे, आता घरीच असतात. शुगर १४ वर्षांपासून. सकाळ-संध्याकाळ मेटफॉर्मिन आणि जेवणाच्या आधी व्होग्लिबोज, एवढ्यावर बरं चाललं होतं. दिवाळीनंतर त्यांच्या सकाळी फिरायच्या ग्रुपमधल्या एकांनी समुद्री शेवाळाच्या अर्काच्या कॅप्सूल आणून दिल्या. ६० ची बाटली, १८५० रुपये. "जपानी लोक हेच खातात, म्हणून त्यांना शुगर होत नाही" असं सांगितलंय.

मागच्या आठवड्यात मी माहेरी आले तेव्हा कळलं की बाबांनी व्होग्लिबोज कधीचीच सोडलीय आणि मेटफॉर्मिन पण एकच वेळ घ्यायलेत. घरच्या मशीनवर बघितलं तर उपाशीपोटी १६८, जेवणानंतर दोन तासांनी २७४. माझे तर हातपायच गळाले. बाबा म्हणतात काळजी करू नको, सुरुवातीला वाढते, शरीरातली घाण बाहेर पडायलीय.

मी एक कॅप्सूल उघडून ताटलीत ओतून बघितली. तपकिरी-हिरवट पूड, वास सुक्या मासळीच्या बाजारातून गेल्यासारखा, आणि दोन थेंब पाणी टाकलं तर बोटाला बुळबुळीत लागायला लागली. आमचं घर पूर्ण शाकाहारी, आईने वास घेतला आणि म्हणाली ही बाटली देवघराच्या खोलीत ठेवायची नाही.

मला दोनच गोष्टी विचारायच्यात. यात खरंच काही असतं का की नुसतीच फसवणूक आहे? आणि गोळ्यांसोबत हे घेतलं तर चालतं का?

होटगीरोडकर
ताई आधी गोळ्या चालू करा. शेवाळाचं सावकाश बोलू. २७४ म्हणजे गंमत नाही.

सायकलवाले_काका
पोरी घाबरू नकोस. मी स्वतः वर्षभर अशाच कॅप्सूल घेतल्यात, दुसऱ्या ब्रँडच्या. माझी उपाशीपोटीची १५५ ची १२५ झाली. गोळ्या मात्र मी एक दिवस पण सोडल्या नाहीत, हे तुझ्या बाबांना सांग. समुद्रात औषध आहे यावर माझा विश्वास आहे, अनुभव आहे म्हणून सांगतोय.

शेंगाचटणी
काका तुम्ही त्याच वर्षी साखरेचा चहा सोडला आणि रोज कंबर तलावापर्यंत सायकल सुरू केली ना? हिवाळ्यातल्या धाग्यावर तुम्हीच लिहिलं होतं. मग १२५ कुणामुळे झाली म्हणायचं, शेवाळामुळे की सायकलमुळे?

सायकलवाले_काका
दोन्हींमुळे असेल. नाही म्हणत नाही.

मेडिकल_नवीपेठ
माझं दुकान आहे, या बाटल्या माझ्याकडे पण विचारायला येतात म्हणून नीट सांगतो. नुसतीच फसवणूक असं म्हणता येणार नाही. आपण भाकरी, भात, पोळी खातो त्यातला स्टार्च तसाच रक्तात जात नाही. लाळेतलं आणि स्वादुपिंडातलं अमायलेज नावाचं एन्झाइम, म्हणजे पचनाचं द्रव्य, त्याचे तुकडे करतं, मग लहान आतड्याच्या अस्तरावर ग्लुकोसायडेज नावाची एन्झाइम्स शेवटचा तुकडा पाडतात, त्याचं ग्लुकोज होतं आणि ते आत शोषलं जातं. तपकिरी समुद्री शेवाळात फ्लोरोटॅनिन म्हणून तुरट द्रव्यं असतात, ती या दोन्ही एन्झाइम्सना अडवतात. प्रयोगशाळेत हे पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. ग्लुकोज हळू तयार झालं की जेवणानंतरची उडी कमी बसते, असा त्यामागचा हिशेब.

आता ताई, खरी गोम इथंच आहे. व्होग्लिबोज काय करते? हेच करते. त्याच ग्लुकोसायडेजला अडवते. म्हणजे बाबांनी डोस ठरलेली, तपासलेली गोळी सोडली आणि त्याच कामासाठी किती ताकदीची आहे हे कुणालाच माहीत नसलेली पूड धरली. जेवणानंतरचं २७४ बघितल्यावर मला तर यात काही नवल वाटलं नाही.

आणखी एक, हे सगळ्यांनीच लक्षात ठेवा. व्होग्लिबोज किंवा तिच्याच जातीची अकार्बोज चालू असताना इतर औषधांमुळे कधी शुगर खाली गेली, घाम सुटला, हात थरथरले, तर नुसत्या साखरेवर भागवू नका. साखर फोडणारं एन्झाइमच अडवलेलं असतं, त्यामुळे ती उशिरा लागू पडते. ग्लुकोज पावडर द्यायची. घरात डबा भरलेला असू द्या.

संध्या_अशोकचौक
हे ग्लुकोज पावडरचं मला आज पहिल्यांदा कळलं. माझ्या सासूबाईंना पाच वर्षं ही गोळी चालू आहे, आम्ही पर्समध्ये खडीसाखर ठेवायचो.

डाळिंबवाला
राम राम. मी सांगोल्याकडचा, पण पोरांच्या शाळेसाठी जुळे सोलापुरात राहतो. ह्या धाग्यावर तो शेवाळाचा अर्क वाचून मी दचकलोच, कारण माझ्या शेडमध्ये त्याचे दोन कॅन पडलेत! डाळिंबाला आणि द्राक्षाला आम्ही फवारतो, ड्रिपमधनं पण सोडतो. कॅनवर ॲस्कोफायलम नोडोसम असं लिहिलंय. ताईंच्या बाटलीवर काय नाव आहे ते बघा बरं. एकच वस्तू असली तर माणसाला १८५० ला आणि झाडाला लिटरवर, असं कसं काय?

शेंगाचटणी
अन्ना, तुमच्या भगवा डाळिंबाची शुगर किती येते मग आता?

डाळिंबवाला
वाढावी म्हणूनच फवारतो की ओ. आमच्यात शुगर वाढली की भाव वाढतो.

कडकभाकरी
डाळिंबवाले दादा, बाटलीवर भिंग धरून बघितलं. तेच नाव आहे! ॲस्कोफायलम नोडोसम, आणि पुढे फ्युकस व्हेसिक्युलोसस. ५०० मिलिग्राम. आणि सगळ्यात खाली अगदी मुंगीएवढ्या अक्षरांत "औषधी उपयोगासाठी नाही" असं छापलंय. बाबांना वाचून दाखवलं तर ते गप्पच झाले, चष्मा काढून परत घातला आणि स्वतः वाचलं.

बायोकेमवाली
मी वाचतेच होते, आता राहवलं नाही. आधी सगळ्यात महत्त्वाचं: शेतीचा अर्क कुणीही, कधीही, थेंबभर सुद्धा पोटात घेऊ नका. वनस्पती तीच असली तरी तो बहुतेक वेळा पोटॅशियम हायड्रॉक्साइडसारख्या तीव्र अल्कलीत शिजवून काढतात, शिवाय टिकण्यासाठी त्यात काय काय घातलेलं असतं. तो पानाफुलांसाठी बनवलाय, माणसाच्या आतड्यांसाठी नाही.

आता ताईंच्या पहिल्या प्रश्नाकडे. बाटलीवरची ही जोडी, म्हणजे ॲस्कोफायलम आणि फ्युकस, यावर माणसांवरचा एक नीट केलेला अभ्यास २०११ साली कॅनडातल्या क्युबेकमधून आला. २३ जणं, सगळे मधुमेह नसलेले. कार्बोहायड्रेटचं खाणं देण्याआधी ५०० मिलिग्राम अर्क दिला आणि दुसऱ्या खेपेला त्याच लोकांना नकली कॅप्सूल. अर्क घेतला तेव्हा इन्सुलिनची उसळी साधारण १२ टक्क्यांनी कमी झाली. पण ग्लुकोज? त्यात म्हणावा असा फरक नाही. म्हणजे जाहिरातीत ज्या आकड्यासाठी बाटली विकतात, तो आकडा त्या अभ्यासात हललाच नव्हता.

मग २०१८ मध्ये फ्युकसच्याच अर्कावर ३८ निरोगी माणसांत चाचणी झाली, ५०० मिलिग्राम आणि २००० मिलिग्राम असे दोन डोस. जेवणानंतरची शुगर नकली कॅप्सूलपेक्षा कमी झाली नाही, मोठ्या डोसने पण नाही.

उलट बाजूचं पण सांगायला हवं. कोरियात २००८ साली टाइप २ मधुमेहाच्या थोड्या पेशंटना चार आठवडे समुद्री शेवाळाची पूड दिली, तेव्हा उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची दोन्ही शुगर उतरली होती. पण दिली किती, तर दिवसाला ४८ ग्रॅम! मूठभर सुकं शेवाळ झालं ते. ५०० मिलिग्रामच्या हिशेबाने ९६ कॅप्सूल. अर्क घट्ट असतो, पूड साधी असते, त्यामुळे सरळ तुलना होत नाही हे मान्य, पण "जपानी-कोरियन लोक खातात" म्हणून दोन कॅप्सूलवर विसंबून राहायचं हे पटत नाही. ते लोक भाजीसारखं खातात, त्यात तंतू असतात, अल्जिनेट नावाचं चिकट द्रव्य असतं, ते पोटात फुगून घट्ट होतं आणि अन्न सावकाश पुढे सरकतं. ताईंना बोटाला बुळबुळीत लागलं ना, त्याला तेच अल्जिनेट कारण असणार. आणि जपानमध्ये पण मधुमेहाचे पेशंट लाखांनी आहेत.

होटगीरोडकर
बायोकेमवाली मॅडम, असं कुणी समजावून सांगितलं तर माणूस ऐकेल. आमच्याकडे एक तर "सगळं फालतू" नाहीतर "रामबाण".

रामेश्वरला_होतो
नोकरीनिमित्त तीन वर्षं रामेश्वरजवळ मंडपमला काढली. तिथल्या बायका भल्या पहाटे मन्नारच्या आखातात उतरतात, चष्मा लावून बुडी मारतात आणि खडकावरचं शेवाळ हाताने ओरबाडून पिशवीत भरतात. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या असतात तरी कापतंच. वर आल्या की किनाऱ्यावर वाळत घालतात, गुरांच्या वैरणीसारखं पसरलेलं असतं. एका जातीला तिकडे कंजीपासी म्हणतात, कंजी म्हणजे पेज, त्याची पेज करतात म्हणून. मी चाखलीय. चव अशी काही नाही, जरा खारट आणि घोटघोट गिळावी लागते.

आणि हे सगळं परदेशीच आहे असं नाही. आपल्या कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने शेवाळापासून टाइप २ साठी अर्क तयार केलाय, कॅडलमिन नावाखाली. सरकारी संस्था आहे, अभ्यास करून काढलाय. म्हणून सरसकट नावं ठेवू नका एवढंच.

मेडिकल_नवीपेठ
बरोबर. पण तो सुद्धा चालू गोळ्या सोडून घ्यायला कुणी सांगितलेलं नाही. आणि प्रश्न शेवाळाचा कमी, विकणाऱ्याच्या तोंडाचा जास्त आहे. शुगर बरी होते अशी जाहिरात करायला आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. म्हणून बाटलीवर एक छापतात आणि बागेत बाकावर बसून दुसरंच सांगतात.

संध्या_अशोकचौक
माझा अनुभव शुगरचा नाही, थायरॉईडचा आहे, पण इथं लागू पडतो. वजन उतरवायला म्हणून मी चार महिने केल्पच्या गोळ्या घेतल्या, ते पण तपकिरी समुद्री शेवाळच. टीएसएच, म्हणजे थायरॉईडच्या रक्ततपासणीतला आकडा, ३ वरून ११ वर गेला, केस मूठमूठ गळायला लागले, दुपारी चार वाजता झोप आवरायची नाही. डॉक्टरांनी विचारलं नवीन काय सुरू केलं, तेव्हा ट्यूब पेटली. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं आणि आपण मीठ आयोडीनचंच खातो. केल्पमध्ये ते कितीतरी पट असू शकतं. गोळ्या बंद केल्यावर हळूहळू टीएसएच खाली आला. ताई बाबांचा थायरॉईड तपासून घे, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना हे आवर्जून सांग.

इफ्तारवाला_सोलापूर
तुम्ही सगळे शेवाळ शेवाळ करून नाक मुरडताय, पण रमजानात आमच्याकडे चायनाग्रासचा हलवा होतो आणि अर्धा मोहल्ला तो चापतो. चायनाग्रास म्हणजे अगर, लाल समुद्री शेवाळातनंच निघतं! ते नुसतं तंतू, त्यानं शुगर वाढत नाही. वाढते ती त्यात ओतलेल्या दूध-साखरेनं. मी आता बिनसाखरेचं करतो, ताज्या डाळिंबाचे चार दाणे वर टाकतो. कडकभाकरी ताई, आईंना सांगा, हे पण समुद्रातलंच आहे आणि बिनवासाचं आहे.

कडकभाकरी
आईला सांगितलं. ती म्हणाली चायनाग्रासचं ठाऊक नव्हतं, पण त्या बाटलीचा वास तो वासच. कॅप्सूलचं कवच शाकाहारी असतं का हो पण?

मेडिकल_नवीपेठ
शेवाळ शाकाहारीच. कवच मात्र जिलेटिनचं असू शकतं, ते जनावराच्या हाडाकातड्यापासून. बाटलीवर हिरवा ठिपका आहे का बघा.

कडकभाकरी
ठिपकाच नाहीये. कुठल्याच रंगाचा.

मेडिकल_नवीपेठ
मग खाद्यपदार्थाच्या लायसन्सचा १४ आकडी नंबर तरी आहे का?

कडकभाकरी
तो पण नाही. "नैसर्गिक" एवढं मोठ्या अक्षरात आहे.

गावाकडचा_पक्या
ताई मग ती बाटली आजच बाजूला ठेवा. माझ्या चुलत्याने असलीच बिननावाची पावडर घेतली होती, शेवाळाची नाही, झाडपाल्याची म्हणून. पंधरा दिवस शुगर अशी खाली आली की चुलता सगळ्या वस्तीला सांगत सुटला. मग एका रात्री बोलणं बरळल्यासारखं झालं, घामाने बनियन पिळून काढावं असं भिजलेलं, दवाखान्यात नेलं तर शुगर ४८. डॉक्टर म्हणाले असल्या पावडरीत कधीकधी शुगरची ॲलोपॅथी गोळीच कुटून घातलेली असते, ग्लिबेनक्लामाइड म्हणून, आणि माणूस वर स्वतःची गोळी पण घेतो. चुलता वाचला, पण तेव्हापासून रात्री काकू दोनदा उठून त्याच्या कपाळाला हात लावून बघते.

सायकलवाले_काका
पक्या, हे वाईट झालं. पण मला एक सांगा, गोळ्या तरी कुठून आल्या? सगळं निसर्गातूनच ना? डॉक्टर लोक झाडपाल्याला लगेच हसतात, त्याचा मला राग येतो.

बायोकेमवाली
काका, तुमचा राग मला समजतो आणि तुमचं म्हणणं अर्धं खरं पण आहे. मेटफॉर्मिनचं मूळ गॅलेगा नावाच्या एका झाडातल्या द्रव्याशी जाऊन पोचतं, युरोपात ते झाड जुन्या काळापासून औषधात वापरायचे. पण ते द्रव्य जसंच्या तसं दिलं तर विषारी ठरत होतं. त्यातला कामाचा भाग ओळखून, बदलून, डोस ठरवून, हजारो माणसांवर तपासून आजची गोळी झाली. शेवाळ अजून त्या वाटेवर आहे. मला स्वतःला मनापासून वाटतं की त्यातून उद्या चांगलं औषध निघेल, मी त्याच विषयात काम करते, हात दिवसभर त्याच वासाचे असतात. म्हणूनच आज कुणी ते गोळीच्या जागी विकलं की माझा जीव तुटतो.

सायकलवाले_काका
असं सांगितलंत तर ऐकतो. माझ्या बाटलीवर लायसन्स नंबर आहे का ते उद्या बघतो.

होटगीरोडकर
ताई, काय झालं पुढं? दहा दिवस झाले. गड्ड्याची जत्रा आली तोंडावर.

कडकभाकरी
सॉरी, दवाखान्याच्या धावपळीत लिहायचं राहिलं. सगळं सांगते.

डॉक्टरांकडे नेलं. बाटली सोबत नेली होती. त्यांनी गोळ्यांबद्दल विचारलं तर बाबा खाली मान घालून बसले, मग हळूच म्हणाले, "ती जेवणाआधीची गोळी घेतली की पोटात गॅस धरतो. भजनाला बसलं की लाज वाटते. मागच्या महिन्यापासून मी मागच्या रांगेत दाराजवळ बसायलोय." मी शेजारीच बसले होते, मला हे माहीतच नव्हतं. आईला पण नव्हतं. शेवाळावर विश्वास वगैरे नंतरचा, त्यांना मुळात ती गोळी सोडायला कारण हवं होतं आणि ते बाकावर आयतं मिळालं.

डॉक्टर अजिबात रागावले नाहीत. म्हणाले, न पचलेला स्टार्च पुढे मोठ्या आतड्यात जातो, तिथले जंतू तो आंबवतात, त्याचा गॅस होतो, बऱ्याच लोकांना होतो, आधी सांगायचं ना. ती गोळी बंद करून दुसरी दिली, मेटफॉर्मिन दोन वेळ पूर्ववत. शेवाळाची कॅप्सूल बंद. थायरॉईड पण तपासला, नॉर्मल आला, संध्याताई तुमचे आभार.

आता आठ दिवसांनी उपाशीपोटी १३६ आहे. जेवणानंतरची मी रोज एकाच जेवणावर मोजायलेय, दोन ज्वारीच्या भाकरी, वाटीभर मुगाचं वरण, मेथीची भाजी, शेंगाचटणी एक चमचा, आणि मग अंगणात पंधरा मिनिटं चकरा. तीन दिवसांचे आकडे १९६, १८७, २०१. ज्या दिवशी चकरा मारल्या नाहीत त्या दिवशी २२३. बाबांनी स्वतः वहीत लिहिलंय, कारखान्यातल्या हिशेबासारखं रकाने आखून, २२३ ला लाल पेनने गोल केलाय.

मेडिकल_नवीपेठ
झकास. एक लक्षात ठेवा, घरचं मशीन १५ टक्के इकडेतिकडे दाखवू शकतं. १९६ आणि २०१ यात फरक मानू नका. आठवड्याचा कल बघा.

शेंगाचटणी
माझं नाव वरणाच्या शेजारी आलं, भरून पावलो. ताई, तुमचे बाबा भजनात आता पुढच्या रांगेत बसले का?

कडकभाकरी
हो. काल गुरुवारी पेटीच्या शेजारी.

डाळिंबवाला
ताई, त्या उरलेल्या कॅप्सूल टाकून देऊ नका, तुमच्या कुंडीतल्या जास्वंदीला घाला पाण्यातून. झाड तक्रार करणार नाही.

बायोकेमवाली
हे मात्र चालेल.

कडकभाकरी
आईने कालच तुळस सोडून बाकी सगळ्या कुंड्यांना एकेक घातली. तीन महिन्यांनी एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, करायचीय, रिपोर्ट आला की इथंच टाकते.

मेडिकल_नवीपेठ
शुगर मोजायच्या स्ट्रिपच्या डबीवर उघडल्याची तारीख पेनने लिहून ठेवा ताई. उघडल्यावर काही महिनेच नीट चालतात, किती ते डबीवर छापलेलं असतं. आणि झाकण घट्ट, ओलसर हातानं स्ट्रिप काढायची नाही.